वाचकांचे प्रश्न : शत्रू थकावा म्हणून लांबवलेले युद्ध

गेल्या अंकात युक्रेनविषयी लिहिताना मी एक मुद्दा ओझरता मांडला होता. स्वतःचा सैनिक न पाठवता, केवळ प्रतिस्पर्धी थकावा एवढ्यासाठी दुसऱ्याच्या भूमीवरील युद्ध चालू राहू देणे हे फार धोक्याचे धोरण आहे आणि त्याची झळ आपल्यालाही लागलेली आहे, असे मी म्हटले होते. त्या दोन ओळींवर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पत्रे आली. काहींनी सहमती कळवली, काहींनी कडाडून विरोध केला आणि बहुतेकांनी पुरावा मागितला, जो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन एप्रिल २०२२ मध्ये म्हणाले होते की, युक्रेनवर आक्रमण करण्यासारखी कृत्ये रशियाला पुन्हा करता येऊ नयेत इतका तो दुबळा झालेला आम्हांला पाहायचा आहे. आक्रमकाची ताकद खच्ची होत असेल आणि त्यासाठी आपला एकही माणूस मरत नसेल, तर सुंठीवाचून खोकला गेला असेच म्हणायला हवे. यात गैर काय आहे? (विद्यार्थी, कोल्हापूर)

आधी एक भेद स्पष्ट करतो, कारण तो केला नाही तर पुढचे सगळे उत्तर चुकीच्या अर्थाने वाचले जाईल. युक्रेनवर २४ फेब्रुवारी २०२२ रोजी आक्रमण झाले. लढायचे हा निर्णय तिथल्या लोकांचा होता आणि ज्याच्या घरावर हल्ला झाला आहे त्याने मदत मागणे व इतरांनी ती देणे यात मला काहीही गैर वाटत नाही. माझा आक्षेप मदतीला नाही, मदत देणाऱ्याच्या मनात हळूहळू बदलत जाणाऱ्या उद्दिष्टाला आहे.

ज्याच्यावर हल्ला झाला त्याला काय हवे आहे ते सांगता येते. शत्रूचे सैन्य मागे जावे, गावे परत मिळावीत, पुन्हा असे होणार नाही याची हमी मिळावी, एवढे साधले की त्याला बंदूक खाली ठेवता येते. "प्रतिस्पर्धी दुबळा व्हावा" या उद्दिष्टाला मात्र शेवटच नसतो. किती दुबळा झाला म्हणजे पुरे, हे कोणी ठरवायचे? आणखी सहा महिने युद्ध चालले तर तो आणखी थोडा दुबळा होईल, हे तर कधीही म्हणता येते. अशा हिशेबात युद्ध चालू असणे हाच नफा होतो आणि तहाची बोलणी सुरू झाली की पाठीराख्याला काहीतरी हातचे निसटल्यासारखे वाटू लागते. तुम्ही म्हणता तो खोकला जातो की नाही हे नंतर पाहता येईल, परंतु तोपर्यंत तो ज्याच्या घरात ठेवलेला असतो ते घर तिसऱ्याचेच असते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. या धोरणाची सर्वांत जास्त कागदपत्रे आज उपलब्ध आहेत ती अफगाणिस्तानची, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो. सोव्हिएत सैन्य १९७९ च्या डिसेंबरअखेरीस काबूलमध्ये उतरले. २६ डिसेंबरला, म्हणजे अध्यक्ष हफीजुल्ला अमीन यांना त्यांच्याच राजवाड्यात ठार मारले गेले त्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्येव्ह ब्रेझिन्स्की यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना एक टिपण लिहिले. अफगाणिस्तान हे सोव्हिएत संघाचे व्हिएतनाम ठरेल अशी फार आशा आपण धरू नये, असा सावध इशारा त्यात आहे. परंतु त्याच टिपणात अफगाण प्रतिकार चालू राहणे अत्यावश्यक आहे, त्यासाठी बंडखोरांना अधिक पैसा आणि शस्त्रे मिळाली पाहिजेत, असेही लिहिलेले आहे. प्रतिकार यशस्वी व्हावा असे त्यात म्हटलेले नाही, तो चालू राहावा असे म्हटले आहे. पुढची नऊ वर्षे जे घडले त्याचे बीज मला या एका क्रियापदात दिसते. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांनी आपल्या गुप्तचर प्रमुखांना हीच गोष्ट स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितल्याचे नमूद आहे : अफगाणिस्तानातले पाणी योग्य आचेवर उकळत राहिले पाहिजे, उतू जाता कामा नये.

प्रश्न : तुमचे म्हणणे मान्य केले तरी निकाल काय लागला? सोव्हिएत सैन्य हरून परतले आणि तीन वर्षांत तो देशच राहिला नाही. म्हणजे धोरण यशस्वी झाले. इतिहास निकालावरून लिहिला जातो. (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

हा सर्वांत जड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सोव्हिएत जनरल बोरिस ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमूदर्या नदीचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीतील तेर्मेझच्या बाजूला गेले आणि माघार पूर्ण झाली. त्याच दिवशी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे इस्लामाबादमधील प्रमुख मिल्टन बीर्डन यांनी मुख्यालयाला तार केली, तिचा सारा मजकूर "आपण जिंकलो" एवढाच होता. त्यांच्या जागी असलेल्या कोणालाही तेव्हा तसेच वाटले असते.

तथापि, अफगाणिस्तानमुळे सोव्हिएत संघ कोसळला हे विधान जितक्या सहजतेने केले जाते तितके ते सिद्ध झालेले नाही. १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि परकीय चलनासाठी तेलावर विसंबलेल्या त्या अर्थव्यवस्थेचे कंबरडे मोडले. त्याच वर्षी चेर्नोबिल घडले. बाल्टिक आणि कॉकेशस प्रदेशांतील राष्ट्रवाद उसळून वर आला, पूर्व युरोप हातातून गेला आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांनी कम्युनिस्ट पक्षाची पकड सैल केली. अफगाण युद्धाने सैन्याची प्रतिष्ठा आणि सामान्य नागरिकाचा सरकारवरचा विश्वास पोखरला हे खरे आहे आणि ते लहान कारण नव्हे. परंतु गोर्बाचेव्ह यांनी फेब्रुवारी १९८६ मध्येच पक्षाच्या महाअधिवेशनात या युद्धाला "भळभळती जखम" म्हटले होते. म्हणजे अमेरिकेने बंडखोरांना दिलेली गाजलेली विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्रे त्या सप्टेंबरात जलालाबादजवळ पहिल्यांदा डागली गेली, त्याआधीच मॉस्कोत बाहेर पडण्याचा विचार पक्का होत चालला होता. नोव्हेंबर १९८६ च्या पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या, बैठकीत एक-दोन वर्षांत युद्ध संपवायचे ठरले, आणि अवघ्या दोन महिन्यांच्या स्टिंगरने तो निर्णय घडवला असे मानणे कठीण आहे.

आता तुमच्या "निकाल" या शब्दाकडे येतो. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ दिएगो कॉर्दोवेझ यांच्या पुढाकाराने जिनिव्हात अप्रत्यक्ष बोलणी १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९८३ मध्ये सोव्हिएत माघारीच्या कराराचा बहुतेक मसुदा तयार असल्याचे ते उघडपणे सांगत होते. प्रत्यक्षात करारावर सह्या झाल्या १४ एप्रिल १९८८ रोजी. १९८३ मध्ये तह झालाच असता असे मी म्हणणार नाही, कारण मॉस्कोची तयारी तेव्हा कितपत खरी होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला खटकते ते हे की, ती तयारी तपासून पाहण्याची आच वॉशिंग्टनमध्ये फारच थोड्यांना होती. तिथे दोन गट पडले होते. तडजोड करावी असे म्हणणारे "डीलर्स" आणि रशियाला तिथेच अडकवून रक्तबंबाळ ठेवावे असे म्हणणारे "ब्लीडर्स". ही नावे कोण्या टीकाकाराची कल्पना नाहीत, त्या वर्तुळातच ती वापरली जात होती. मधल्या पाच वर्षांत त्या देशात किती माणसे मेली याची नोंद कोणाकडेही नाही. सोव्हिएत सैनिक सुमारे १५ हजार मेले, हा आकडा नेमका माहीत आहे, कारण त्यांची गणना झाली. अफगाण मृतांचे सर्व आकडे अंदाजाचे आहेत आणि बहुतेक अंदाज दहा लाखांच्या आसपास जातात. साठ लाखांच्या आसपास लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित झाले. युद्धापूर्वी ज्या देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या आतबाहेर होती त्या देशाचे हे आकडे आहेत.

आणि माघारीनंतरही पाणी उकळतच राहिले. मॉस्कोने काबूलमधील नजीबुल्ला यांच्या सरकारला आणि वॉशिंग्टनने मुजाहिदीनांना, म्हणजे अफगाण बंडखोरांना, १९९१ अखेरपर्यंत रसद पुरवली. म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याला थकवायचे होते तो निघून गेल्यावरही जवळजवळ तीन वर्षे. मग दोघांनीही हात आखडते घेतले, एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला पडले आणि सोव्हिएत काळात बऱ्याच अंशी शाबूत राहिलेले काबूल शहर पुढच्या चार वर्षांत मुजाहिदीन गटांच्या आपसांतील रॉकेटमाऱ्याने धुळीला मिळाले. निकालावरून इतिहास लिहायचा असेल तर तो १९८९ च्या त्या पुलावर थांबवता येत नाही.

प्रश्न : हा सरळसरळ भस्मासुर आहे. अमेरिकेने वर दिला आणि २००१ मध्ये तोच हात तिच्या डोक्यावर आला. एवढे सांगितले की विषय संपतो, नाही का? (पुणे)

ही उपमा मीही पूर्वी वापरली आहे आणि आता वापरणे सोडून दिले आहे. भस्मासुराच्या कथेत वर देणारा एक, घेणारा एक आणि हात उगारला जातो तो थेट वर देणाऱ्यावर. अफगाणिस्तानात वर देणारे आणि घेणारे यांच्यामध्ये एक मध्यस्थ होता, त्याचे स्वतःचे मनसुबे होते आणि तो हात दुसऱ्या अनेक डोक्यांवर आधी पडला. त्यांतली काही डोकी आपली होती.

व्यवहार कसा चाले ते पाहा. अमेरिका जितके डॉलर देईल तितकेच सौदी अरेबिया देत असे. शस्त्रे सुरुवातीला मुद्दाम सोव्हिएत बनावटीची, चीन आणि इजिप्तकडून मिळवलेली असत, म्हणजे देणाऱ्याचे नाव उघड होऊ नये. कराचीच्या बंदरात माल उतरला की तो पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या ताब्यात जाई आणि कोणाला काय द्यायचे हे आयएसआय ठरवी. पेशावरमध्ये सात मान्यताप्राप्त पक्ष होते, त्यांच्यापैकी गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या पक्षाला सर्वांत मोठा वाटा मिळे. पंजशीर खोऱ्यात सोव्हिएत सैन्याच्या एकामागून एक मोहिमा अंगावर घेणाऱ्या अहमद शाह मसूद यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे येई. देणाऱ्याला हा भेदभाव माहीत नव्हता असे नाही. परंतु मोजमाप एकच असेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची किती हानी झाली एवढेच, तर युद्ध संपल्यावर हा माणूस कसला देश उभारेल हा प्रश्न विचारण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांपैकी एकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे माहीत नाही. सय्यद बहाउद्दीन मजरूह हे काबूल विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कवी. सोव्हिएत आक्रमणानंतर ते पेशावरला आले आणि तेथे अफगाण माहिती केंद्र चालवू लागले. त्यांच्या मासिक वार्तापत्रावर जगभरचे पत्रकार विसंबून असत. १९८७ मध्ये त्यांनी निर्वासितांना विचारले की, युद्धानंतर तुम्हांला नेता म्हणून कोण हवा आहे? सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी रोममध्ये विजनवासात असलेले माजी राजे झहीर शाह यांचे नाव घेतले. ज्या सात पक्षांना शस्त्रे मिळत होती त्यांच्या नेत्यांना जवळजवळ कोणीच निवडले नव्हते. मजरूह यांनी हे निष्कर्ष छापले. ११ फेब्रुवारी १९८८ रोजी त्यांना पेशावरच्या त्यांच्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना साठ वर्षे पूर्ण होणार होती. युद्ध जितके लांबते तितकी बंदूक असलेल्यांची संख्या वाढते आणि मजरूहांसारख्यांची कमी होते, हा या धोरणाचा मला सर्वांत भयंकर वाटणारा परिणाम आहे आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता आपल्या डोक्यांविषयी. ब्रेझिन्स्कींच्या ज्या टिपणाचा मी वर उल्लेख केला त्यात आणखी एक वाक्य आहे : पाकिस्तानविषयीचे आपले धोरण यापुढे अण्वस्त्रप्रसार रोखण्याच्या धोरणावर अवलंबून ठेवता येणार नाही. एप्रिल १९७९ मध्ये अणुकार्यक्रमामुळेच अमेरिकेने पाकिस्तानची मदत तोडली होती. १९८१ मध्ये तीच अमेरिका सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलर आणि ४० एफ-१६ विमाने देऊ करत होती. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रेसलर दुरुस्ती केली, तिच्यानुसार पाकिस्तानजवळ अण्वस्त्र नाही असे प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी देणे आवश्यक झाले. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात असेपर्यंत ते दरवर्षी दिले गेले. सैन्य परतल्यावर, ऑक्टोबर १९९० मध्ये, ते देता येत नाही असे लक्षात आले. मे १९९८ मध्ये पाकिस्तानातील चगाईच्या डोंगरात जे अणुस्फोट झाले त्यांच्यामागे ही उसंतीची दहा वर्षे आहेत.

काश्मीरविषयी मात्र थोडे जपून बोलले पाहिजे. १९८९ पासूनच्या हिंसाचाराची स्थानिक कारणे होती, १९८७ च्या निवडणुकीतील गैरप्रकार हे त्यांतले मोठे, आणि ती अफगाणिस्तानच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु असंतोषाच्या हाती कलाश्निकोव्ह आली, प्रशिक्षणाचे तयार तळ आणि युद्धात मुरलेले प्रशिक्षक आले, ते त्या युद्धातूनच. लष्कर-ए-तय्यबाचा उगम १९८० च्या दशकाच्या अखेरीस अफगाण युद्धाच्या वातावरणात झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गावाकडच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांपर्यंत ही साखळी येऊन पोहोचते. त्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. ज्यांनी १९८० मध्ये पाणी उकळत ठेवायचे ठरवले त्यांच्या मनात ही माणसे कोठेच नव्हती.

प्रश्न : मी १९९० मध्ये कुवेतमध्ये नोकरीला होतो. खिशात कुवेती दिनार असूनही वाटेत ते कोणी घेत नव्हते. वाळवंटातल्या तंबूत अकरा दिवस काढून अम्मानहून विमानाने मुंबईला पोहोचलो. सद्दामने कुवेतवर हल्ला केला तो लोभापोटी, असेच आम्ही आजवर समजत आलो. तुमच्या विषयाशी त्याचा काही संबंध लागतो का? (चिपळूण)

लागतो आणि तो फार जवळचा आहे. लोभ होताच, परंतु त्या लोभाला कर्जाची धार आलेली होती.

इराकने २२ सप्टेंबर १९८० रोजी इराणवर आक्रमण केले. मे १९८२ मध्ये इराणने आपले खुर्रमशहर हे शहर परत मिळवले आणि युद्ध थांबवण्याची ती खरी संधी होती. इराणच्या नेतृत्वाने ती नाकारून इराकमध्ये शिरण्याचे ठरवले, तेव्हा पहिला दोष त्यांचाच. परंतु बाहेरच्या सत्तांपैकी हे युद्ध लवकर संपावे अशी निकड कोणालाच नव्हती. क्रांतिकारक इराण आणि महत्त्वाकांक्षी इराक एकमेकांना झिजवत आहेत, हे अनेकांच्या सोयीचे होते. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स इराकला शस्त्रे विकत होते. अमेरिका इराकला पतपुरवठा आणि उपग्रहांची माहिती देत होती आणि १९८५-८६ मध्ये तीच अमेरिका गुपचूप इराणला क्षेपणास्त्रेही विकत होती. आखाती राजवटी इराकला कर्जे देत होत्या. मार्च १९८८ मध्ये इराकने आपल्याच हलब्जा शहरावर विषारी वायू सोडून हजारो कुर्द नागरिक मारले, तेव्हासुद्धा या पाठीराख्यांनी इराकचा हात सोडला नाही.

२० ऑगस्ट १९८८ रोजी युद्धबंदी झाली तेव्हा सीमा जवळपास होती तिथेच होती. इराकजवळ प्रचंड सैन्य आणि डोंगराएवढे कर्ज उरले होते. ते माफ करावे, तेलाचे उत्पादन आवरून भाव चढू द्यावेत, ही त्याची मागणी कुवेतने मान्य केली नाही आणि २ ऑगस्ट १९९० रोजी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. ज्या देशाने त्या युद्धासाठी इराकला पैसे दिले होते तोच पहिला बळी ठरला. तुमच्यासह सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तेथून परतावे लागले. कोकणात आणि मुंबईत त्या वर्षी कितीतरी घरांचे आखातातून येणारे पैसे एकाएकी बंद झाले, हे तुम्हांला मी सांगायला नको. तुमच्या खिशातले ते न चालणारे दिनार आणि लांबलेले इराण-इराक युद्ध यांच्यात फक्त दोन वर्षांचे अंतर आहे.

प्रश्न : युद्ध दुसऱ्याच्या सीमेत ठेवून आच हवी तेवढीच ठेवता येते, असे धोरणकर्ते म्हणतात. ते खरोखर शक्य असते का? (नागपूर)

काही काळ शक्य असते आणि धोका नेमका त्या काळात मुरतो, कारण दरवर्षी काही घडले नाही की पुढच्या वर्षी थोडी अधिक आच देण्याचे धाडस होते. १९७९ च्या जुलैमध्ये कार्टर यांनी मंजूर केलेली मदत औषधे, रेडिओ अशा बिनशस्त्र स्वरूपाची होती. मार्च १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी उद्दिष्ट वाढवून सोव्हिएत सैन्याला हुसकून लावण्यापर्यंत नेले आणि १९८७ पर्यंत अमेरिकेचा वाटा वर्षाला सुमारे ६३ कोटी डॉलरवर गेला. याच चढत्या वर्षांत आयएसआयने मुजाहिदीनांच्या तुकड्या अमूदर्यापलीकडे, थेट सोव्हिएत भूमीवर हल्ले करायला पाठवल्या. १९८७ च्या वसंतात मॉस्कोने इस्लामाबादला सज्जड इशारा दिला तेव्हा ते थांबले. एक अण्वस्त्रधारी महासत्ता आणि दुसरीचा सहकारी देश यांच्यात त्या वेळी एका नदीचे अंतर होते.

उकळते पाणी घरातही सांडते. रावळपिंडीजवळच्या ओझरी येथे आयएसआयचे शस्त्रकोठार होते आणि अफगाणिस्तानसाठी आलेली रॉकेटे तेथे रचून ठेवलेली असत. जिनिव्हा कराराच्या चार दिवस आधी, १० एप्रिल १९८८ च्या सकाळी, ते कोठार पेटले आणि रॉकेटे रावळपिंडी-इस्लामाबाद या जोडशहरांवर वाट फुटेल तिकडे उडू लागली. त्यांतले एक राजकीय नेते खाकान अब्बासी यांच्या धावत्या मोटारीवर येऊन आदळले आणि ते ठार झाले. त्यांचे पुत्र पुढे पाकिस्तानचे पंतप्रधान झाले. शंभराच्या आसपास माणसे त्या दिवशी गेली. ना त्यांच्यावर कोणी चाल केली होती, ना त्यांचे शहर रणभूमी होते.

त्याच वर्षीच्या ३ जुलैला आखातात अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले. त्यातील २९० जणांमध्ये १० भारतीय होते. इराण-इराक युद्ध आठव्या वर्षात नसते तर तेलवाहू जहाजांच्या रक्षणासाठी ती युद्धनौका त्या पाण्यात नसती. युक्रेनच्या बाबतीतही नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलंडच्या सीमेजवळच्या एका खेड्यात क्षेपणास्त्र पडून दोन माणसे मेली आणि ते रशियाचे नसून भरकटलेले युक्रेनी क्षेपणास्त्र असावे हे स्पष्ट होईपर्यंतचे काही तास साऱ्या जगाने श्वास रोखून काढले. त्या रात्री सुदैवाने घाई झाली नाही. लांबणाऱ्या युद्धात अशा रात्री वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी संबंधित सगळी माणसे शांत डोक्याची निघतील यावर भिस्त ठेवावी लागते.

प्रश्न : अमेरिका, रशिया, पाकिस्तान यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या देशाने असे कधी केले नाही का? (बेळगाव)

केले आहे आणि ते आपण कमी बोलतो. श्रीलंकेच्या सरकारवर दबाव राहावा म्हणून १९८३ नंतर भारतात तमिळ बंडखोर गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रे देण्यात आली. श्रीलंका हा आपला प्रतिस्पर्धी नव्हता आणि तमिळांवरचा अन्याय खरा होता, त्यामुळे हे उदाहरण अफगाणिस्तानशी तंतोतंत जुळत नाही. परंतु दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे आणि तो खांदा आपल्या आज्ञेत राहील असे गृहीत धरणे हे दोन्हीकडे सारखे होते. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना गेली आणि काही आठवड्यांतच तिला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढावे लागले. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. ज्यांना आपण एकेकाळी आसरा दिला त्यांच्याकडून ती झाली, हे लिहिताना आजही हात जड होतो.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. ज्या देशात दुसऱ्यांच्या सोयीसाठी इतकी वर्षे युद्ध चालते तिथल्या मुलांचे काय होते, याविषयी कोणी लिहीत नाही. (पाटण, जि. सातारा)

तुमच्या पत्राला उत्तर देण्यासाठी मी शेवटी जागा राखून ठेवली होती, कारण तुमच्या व्यवसायाशी जोडलेली एक गोष्ट मला सांगायची आहे.

सोव्हिएत हेलिकॉप्टरांनी डोंगरवाटांवर टाकलेल्या एका जातीच्या सुरुंगांविषयी तुम्ही वाचले असेल. तळहातावर मावेल एवढा, हिरव्या प्लास्टिकचा, एक पंख जाड आणि दुसरा पातळ असलेल्या फुलपाखरासारखा त्याचा आकार. वरून टाकल्यावर तो गिरक्या घेत खाली यावा म्हणून तो आकार दिलेला होता, खेळणे वाटावे म्हणून नव्हे. पण मुलांना ते खेळणेच वाटे आणि ती तो उचलत. मोठ्या माणसाचा पाय तोडण्याइतकीच दारू त्यात असे. लहान मुलाच्या बाबतीत ती जिवावर बेते.

हे एका बाजूने केले. दुसऱ्या बाजूने जे केले ते पाहून मी जास्त अस्वस्थ होतो, कारण त्यात हाताशी घेतलेली वस्तू पाठ्यपुस्तक होती. १९८४ पासून पुढची दहा वर्षे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या पैशाने नेब्रास्का विद्यापीठाने अफगाण मुलांसाठी दारी आणि पश्तू भाषांतली क्रमिक पुस्तके तयार करवून घेतली. ती निर्वासितांच्या छावण्यांत आणि सीमेपलीकडच्या शाळांत लाखोंच्या संख्येने वाटली गेली. त्यांत बंदुका, गोळ्या, सुरुंग आणि सैनिक यांची चित्रे होती. अक्षरओळखीत "जीम" या अक्षरापुढे जिहाद होता. अंक मोजायला आपण मण्यांची माळ किंवा चिंचोके घेतो, तिथे मुले रणगाडे आणि क्षेपणास्त्रे मोजून बेरीज शिकत. प्रतिस्पर्ध्याशी लढणारी पुढची पिढी तयार व्हावी हा हेतू त्यामागे असल्यामुळे त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटले नसावे.

सोव्हिएत सैन्य गेले, सोव्हिएत संघही गेला, पण पुस्तके शाळांत राहिली. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले तेव्हा त्यांनाही ती उपयोगी वाटली. माणसांची चित्रे त्यांच्या धर्मविचारात बसत नसल्याने त्यांनी छापील चेहरे तेवढे खोडले आणि बंदुका तशाच ठेवल्या. मार्च २००२ मध्ये, तालिबानची सत्ता गेल्यानंतर, काबूलमधील शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा त्याच पुस्तकांतली शस्त्रे वगळून नवी आवृत्ती घाईघाईने छापून घ्यावी लागली. त्या वर्षी ज्या आईबापांनी आपल्या मुलांना पहिलीत बसवले, त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः अंक शिकले होते ते जुन्या पुस्तकातल्या गोळ्या मोजून.